काजळी आणि किटण

मराठी समीक्षेला ‘मुरणे’ या क्रियापदाचा फार लळा आहे. लोणचे मुरते तशी भाषा मुरते, लेखक मुरतो, परंपरा तर मुरतेच. आणि जे मुरलेले नाही ते कच्चे, असा निकाल देऊन समीक्षक मोकळा होतो. काशीचा विषय निघाला की या लळ्याचे भक्तीत रूपांतर होते. काशी म्हणजे थरावर थर, साचलेला काळ, न धुतलेली प्राचीनता! साचणे हेच मूल्य मानणाऱ्या या भूमिकेला पाइपचा दृष्टान्त फार शोभेल. नवा पाइप कडवट लागतो, आत काजळी धरली की त्याला चव येते. परंतु दृष्टान्त घ्यायचा तर तो पुरता घ्यावा.

भूमध्य समुद्राकाठी वाढणाऱ्या ब्रायर या झुडपाच्या मुळाशी जी कठीण गाठ धरते, तिच्यातून पाइपची वाटी कोरतात. फ्रान्समधील सेंट-क्लोद गावी हा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उभा राहिला. कोरे लाकूड निखाऱ्यापुढे उघडे असते. म्हणून नवा पाइप आरंभी तिसरा हिस्साच भरायचा, काही दिवसांनी अर्धा, मग पूर्ण. आणि सावकाश, तळापर्यंत ओढायचा, म्हणजे काजळी तोंडाशीच न साचता सर्वत्र सारखी धरते. कोणी आतून मधाचे बोटही फिरवतात. थर बसला की लाकूड जळण्यापासून वाचते, ओल शोषली जाते, धूर निवतो. येथवर दृष्टान्त समीक्षकाच्या बाजूचा आहे.

पुढचा भाग गैरसोयीचा आहे. थर एक-दीड मिलिमीटरच्या पलीकडे गेला की तापल्यावर काजळी आणि लाकूड सारखे प्रसरण पावत नाहीत आणि वाटीला तडा जातो. जाणता शौकीन म्हणूनच ठरावीक काळाने थर खरवडून काढतो. शिवाय थराला स्वतःची चव असते. कालच्या सुगंधी मिश्रणाचा वास आजच्या साध्या पानात उतरतो. त्यामुळे निरनिराळ्या तंबाखूसाठी निरनिराळे पाइप राखावे लागतात. थर तटस्थ नसतो. तो कोणी धरवला आणि काय जाळून धरवला, हा प्रश्न त्याला चिकटलेलाच असतो.

आता काशीकडे वळावे. संकठा घाटाच्या एका अंगाला शिंदे घाट, दुसऱ्या अंगाला थोडे पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट, वर गल्लीत संकठादेवीचे देऊळ. मराठी माणसाला हा किनारा परका नाही. या घाटांवरच्या साधू-गोसाव्यांचे साधन पाइप नव्हे, चिलीम. तीही मराठी घराला परिचित आहे ती शेगावच्या गजानन महाराजांमुळे. दासगणूंच्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथात (१९३९) गांजाचा नवस फेडायला येणारा गोसावी काशीचाच आहे. चिलीम मातीची, आत खडा, बुडाशी ओली छापी. ओढून झाली की गुल झाडायचा, खडा काढून पुसायचा, पिळलेली चिंधी आरपार ओवून दोघांनी दोन टोके ताणून धरायची आणि आतले कीट निघेपर्यंत चिलीम तिच्यावर पुढेमागे घासायची. जी पाइपमध्ये काजळी, तीच चिलमीत किटण! माती जळत नाही, तेव्हा तिला थराचे संरक्षण नको, हे त्याचे एक कारण. दुसरे अधिक मोलाचे. पाइप एकट्याचा असतो. चिलीम हातोहात फिरते, आणि फिरणाऱ्या वस्तूवर एकाच्या चवीचा थर चढू देणे हा इतरांवर अन्याय आहे. (तंबाखू दोहोंतूनही घातकच. येथे प्रश्न भांड्याचा आहे, व्यसनाच्या समर्थनाचा नाही.)

साहित्याची परंपरा ही कोणा एकाच्या ओठांत राहणारी वस्तू आहे काय? बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ मध्ये आला, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये. ज्या अभिरुचीला ही भाषा कच्ची, खरखरीत, अश्लील वाटली, ती अभिरुची काही विशिष्ट घरांतील, विशिष्ट पुस्तकांच्या धुराने धरलेली होती. तिने आपल्या थराला ‘मराठीची चव’ म्हटले आणि नव्या तंबाखूला नावे ठेवली. लेखकाला कोरे राहून भागत नाही, हे मान्य. पूर्वसूरींचा पातळ थर नसेल तर पहिल्याच अनुभवाच्या निखाऱ्याने प्रतिभा करपते. अशी करपलेली पुस्तके मराठीत थोडी नाहीत. पण थर धरवण्याची शिकवण द्यायची आणि खरवडण्याचे हत्यार दडवायचे, हा वडीलधारेपणा नव्हे, मालकी आहे.

आणि काशीला न धुतलेली म्हणणाऱ्यांनी तिचे घाट तरी पाहावेत. बायजाबाई शिंद्यांनी १८३० मध्ये बांधवलेला शिंदे घाट आपल्याच भाराने खचला; ते जड वैभव पुढे दुरुस्त करावे लागले. शेजारच्या संकठा घाटाच्या पायऱ्या गंगा पुरात गिळते आणि परतताना त्यांवर जाड गाळ सोडून जाते. तो प्राचीन हिमालयाची माती आहे, म्हणून कोणी जपत नाही. फावडी येतात, पंप लागतात, पाण्याच्या झोताने गाळ पुन्हा नदीत लोटला जातो. कार्तिकी पौर्णिमेच्या देवदीपावलीला पणत्या ठेवायला पायरी दिसावी लागते, आणि पुढच्या वर्षी हे सारे पुन्हा करावे लागते.