दान आणि भीड

महिन्याची पहिली तारीख म्हणजे पगारदाराच्या घरातील लहानशी दिवाळीच! वाणी, दूधवाला, घरभाडे, मुलांची फी यांची मांडणी आदल्या रात्रीच झालेली असते. अशा वेळी कचेरीत मदतनिधीची यादी फिरू लागते. वर साहेबांचा आकडा, खाली सहकाऱ्यांचे आणि आपल्या नावापुढील जागा तेवढी कोरी! हात खिशाकडे जातो खरा. परंतु तो करुणेने जातो की भीतीने?

जयपूर हे नगर दानधर्माला नवखे नाही. तेथील भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून गरजूंना ‘जयपूर फूट’ विनामूल्य बसवून देत आली आहे. दात्यांच्या आधारावाचून अशी कार्ये उभी राहत नाहीत. परंतु त्याच जयपुरातून सप्टेंबर २०२० मध्ये राजस्थान शासनाने कोविड निवारणासाठी मंत्र्यांपासून कर्मचाऱ्यांपर्यंत दरमहा ठराविक दिवसांचे वेतन कापण्याचे ठरविले, तेव्हा कर्मचारी संघटनांनी विरोध केला. संकट खरे होते आणि घरखर्चही खराच होता.

केरळात २०१८ च्या महापुरानंतर शासकीय कर्मचाऱ्यांकडून एका महिन्याचे वेतन मागण्यात आले. ज्याला द्यावयाचे नसेल, त्याने तसे लेखी कळवावे, अशी अट होती. उच्च न्यायालयाने या अटीस स्थगिती दिली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. नकार लिहून देण्याची सक्ती ही माणसाला चारचौघांत उघडे पाडणारी असते, हे त्यातील मर्म आहे.

१९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातही पंतप्रधान राष्ट्रीय साहाय्य निधीसाठी कामगाराच्या मजुरीतून कपात करावयाची, तर त्याची लेखी संमती लागे. म्हणजे लेखी हवा तो होकार; मौनाला होकार समजणे न्याय्य नव्हे.

मग आपण काय करावे? घरच्या अंदाजपत्रकात दानासाठी अल्पशी का होईना, रक्कम पतिपत्नींनी मिळून आधीच ठरवावी. यादी आली की, “आमचे दान घरी ठरलेले असते,” असे नम्रपणे सांगता येते. दिलेल्या पैशाची पावती अवश्य मागावी. वेतनपत्रकात न विचारता कपात दिसल्यास हिशेब विभागास लेखी विचारावे. एकट्याने संकोच वाटल्यास दोघांचौघांनी मिळून विचारावे.

आणि आपण स्वतःच अधिकारी असाल तर? नावांची यादी फिरवू नका. बंद पेटी ठेवा. पेटीत कोणी काय टाकले, हे पाहू नका. रक्कम कदाचित थोडी कमी जमेल. परंतु जमेल ती निर्मळ असेल.

भीड ही भिकेची बहीण, असे आपले वाडवडील म्हणत. भिडेने दिलेला रुपया गरजूच्या हाती पोहोचतो, हे खरे. पण देणाऱ्याच्या मनात तो कडवटपणा ठेवून जातो आणि पुढच्या खऱ्या हाकेला ते मन बधिर होते. ते तसे होऊ न देणे, हे मागणाऱ्याचेही कर्तव्य आहे.