परिचारिकेची चार वर्षे

घरात दुखणे आले म्हणजे डॉक्टर कोण, याची चौकशी सारे करतात. रात्रभर उशाशी कोण असणार, हे कोणी विचारीत नाही. वस्तुतः डॉक्टर दिवसातून एकदोनदा येऊन पाहून जातो. उरलेल्या वेळी रोग्याचे प्राण परिचारिकेच्या हाती असतात. असे असूनही घरातील मुलीने परिचर्येची पदवी घेण्याचा मानस सांगितला की, वडील मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: यास किती वर्षे लागतात? आणि उत्तर ऐकून पुष्कळांचा चेहरा उतरतो. या प्रश्नाचा एकदा नीट विचार होणे अवश्य आहे.

प्रथम हिशेब मांडू. बारावीस भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय घेतलेल्या विद्यार्थ्यास बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी चार वर्षांत मिळते. २०२१ च्या नव्या अभ्यासक्रमाने या चार वर्षांची आठ सत्रे केली आहेत. जी.एन.एम. ही पदविका तीन वर्षांची असून तीस कोणत्याही शाखेचा विद्यार्थी जाऊ शकतो. तिच्यापुढे आणखी दोन वर्षे शिकले की पदवी मिळते, म्हणजे त्या वाटेने पाच वर्षे होतात. ए.एन.एम. दोन वर्षांचा आहे, पण ती पदवी नव्हे. पदवीनंतर एक वर्षाचा अनुभव व दोन वर्षांचे अध्ययन केले म्हणजे एम.एस्सी. होते.

कोणी म्हणेल, गोळ्या देण्यास व सुई टोचण्यास चार वर्षे कशास हवीत? या गृहस्थांस आम्ही एकच विचारतो. प्रसूतीनंतर रक्तस्राव होऊ लागला तर रक्तदाब उतरण्यापूर्वी बहुधा नाडी जलद होते. ती खूण ओळखून वेळीच हाक मारणारी बाई आणि न ओळखणारी बाई, या दोघींत केवढे अंतर आहे? ते एका बाळंतिणीच्या जिवाएवढे आहे. आमच्या शहरात हिमरूचा माग चालविणारा कारागीर सहा महिन्यांत तयार होत नाही, हे आपण जाणतो. वस्त्रातला चुकलेला धागा उसवता येतो. औषधाची चुकलेली मात्रा परत घेता येत नाही.

हा काळ कोणी लहरीने ठरविलेला नाही. १८६० साली लंडनमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची शाळा निघाली, तेव्हा शिक्षण एका वर्षाचे होते. वैद्यक वाढले तसे तेही वाढले, आणि १९४६ साली दिल्ली व वेल्लोर येथे आपल्या देशात पदवीचे शिक्षण सुरू झाले. त्याच वर्षीच्या भोर समितीच्या अहवालाने सुमारे ४३,००० लोकांमागे एकच परिचारिका असल्याचे दाखवून दिले. त्याच्याही पूर्वी, १९०९ साली, रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभारून स्त्रियांस या विद्येची वाट मोकळी केली होती. परपुरुषाच्या जखमा कुलीन स्त्रीने धुवाव्यात काय, असे विचारणारे तेव्हा थोडे नव्हते. आज तोंडाने तसे कोणी म्हणत नाही. पण लग्नाच्या बोलण्यात 'मुलगी नर्स आहे' असे ऐकून दोन्ही भुवया वर जातात, हे खोटे आहे काय?

तथापि बापाचा प्रश्न आम्ही मूर्खपणाचा मानीत नाही. मोंढ्यातील व्यापारी चार वर्षे भांडवल गुंतवितो, तेव्हा परतावा काय हे विचारतोच. मुलीची चार वर्षे, शुल्क व वसतिगृहाचा खर्च हेही भांडवलच होय. मग तिच्या हाती पुढे काय पडते? सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने २०१६ साली अशी शिफारस केली की, ५० हून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेस दरमहा २०,००० रुपयांहून कमी वेतन नसावे. शिफारस म्हणजे अंमल नव्हे. जेथे श्रमाचे मोल नाही, तेथे चार वर्षे लांब वाटणारच! आणि याच अधीरतेवर 'सहा महिन्यांत नर्स व्हा' अशा पाट्यांचा धंदा चालतो. अशा प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही. मुलीचे पैसे जातात, आणि रोग्याच्या उशाशी अर्धवट शिकलेला हात येतो.

यावर उपाय आपल्याच हाती आहेत. प्रवेशापूर्वी पालकांनी संस्थेची मान्यता तपासावी. रुग्णालयात पैसे मोजणाऱ्याने खोलीच्या थाटाबरोबर नोंदणीकृत परिचारिका किती, हेही विचारावे. घाटीच्या हजाराहून अधिक खाटांवर जालना, बीड, परभणीपर्यंतचे रोगी येतात. त्यांच्या सेवेस लागणाऱ्या मुली याच जिल्ह्यांच्या खेड्यांत आहेत, आणि कित्येकींची वाट केवळ पैशामुळे अडते. आमच्या धनिक व्यापाऱ्यांनी एकेका मुलीच्या चार वर्षांचा भार उचलला, तर धर्मशाळा बांधण्याहून ते पुण्य कमी ठरणार नाही. मुलांनीही या विद्येकडे वळण्यात कमीपणा मानू नये.

चार वर्षे पुष्कळ झाली असे ज्यांस वाटते, त्यांनी एवढेच मनात आणावे: आपली आई रुग्णालयात असेल त्या रात्री, तिच्या खाटेजवळ किती वर्षे शिकलेली परिचारिका आपणांस हवी आहे?