अपघात म्हणावें कीं घात?

मराठींत एखाद्याचें घर बुडालें, व्यवहार फसला किंवा उभें पीक हातचें गेलें, कीं "घात झाला" असें आपण म्हणतों. आणि तो घात कोणीं केला, हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतोच. परंतु त्याच शब्दास 'अप' हा उपसर्ग लागला, कीं प्रश्न विचारण्याची आपली इच्छा नाहींशी होते. अपघातांत जो वाचला त्याच्याविषयीं "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती" असें म्हणावयाचें, आणि जो गेला त्याचें आयुष्यच तेवढें होतें असें समजावयाचें, ही आपली रीत. रस्त्याची बांधणी, वाहनाचा वेग, चालविणाऱ्याचें वय, डोक्यावर हेल्मेट होतें कीं नव्हतें, यांपैकीं एकाचीही चौकशी या हिशेबांत बसत नाहीं. विद्यार्थी व पालक या दोघांपुढेंही मला आज एवढेंच मांडावयाचें आहे, कीं रस्त्यावरील मृत्यूंपैकीं फारच थोडे दैवानें होतात. बहुतेक मृत्यूंची तयारी आपण माणसांनींच अगोदर बरेच दिवस करून ठेवलेली असते.

आपल्याच जिल्ह्यांतील गोष्टी घेऊं. २८ जानेवारी २०२० रोजीं मालेगांव-देवळा रस्त्यावर मेशीजवळ राज्य परिवहनाची बस आणि एक रिक्षा यांची टक्कर होऊन दोन्ही वाहनें रस्त्याकडेच्या विहिरींत पडलीं व २६ माणसें प्राणांस मुकलीं. ८ ऑक्टोबर २०२२ रोजीं पहाटें यवतमाळहून मुंबईस निघालेली खासगी बस नाशिक शहरांत, तेव्हांच्या औरंगाबाद रस्त्यावर, मिरची चौकांत एका मालवाहू गाडीवर आदळली. बसनें पेट घेतला आणि १२ जणांचा अंत झाला. १३ जानेवारी २०२३ रोजीं सिन्नर तालुक्यांत पाथरे येथें शिर्डीस निघालेल्या भाविकांच्या बसला अपघात होऊन १० जण दगावले. १२ जानेवारी २०२५ रोजीं निफाडकडील धार्मिक कार्यक्रमाहून परतणाऱ्या तरुणांनीं भरलेला टेंपो द्वारकेजवळच्या उड्डाणपुलावर लोखंडी सळया नेणाऱ्या गाडीवर मागून आदळला. त्यांतील कित्येक जण परत घरीं आले नाहींत.

आतां यांत दैव तें कोणतें? विहीर आणि रस्ता यांच्यामध्यें धांवतें वाहन थोपवून धरील असा आडोसा नव्हता, हें तर उघडच आहे. ज्या टेंपोंत माल भरावयाचा त्यांत माणसें भरलीं होतीं. बाहेर डोकावणाऱ्या सळया रस्त्यावरून नेण्यास कायद्यानें मनाई आहे, तरी आपल्या शहरांत तशा गाड्या कोणाच्या दृष्टीस पडत नाहींत? ही सारी सिद्धता आदल्या दिवशींही होतीच. फक्त त्या दिवशीं ती फळास आली.

अशा मोठ्या प्रसंगीं मंत्री येतात, मदत जाहीर होते, वर्तमानपत्रें चार दिवस लिहितात. परंतु रस्त्यावरील बहुतेक माणसें अशीं घोळक्यानें मरत नाहींत. एकेकटीं मरतात, आणि त्यांची बातमी आंतल्या पानावर दोन ओळींत संपते. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत देशांत १,६८,४९१ माणसें रस्त्यांवर मेलीं. दिवसास सरासरी ४६० पडतात. मेशीची ती विहीर दररोज सतरा वेळां भरावी, असा हा हिशेब आहे. त्यांत महाराष्ट्राचा वांटा १५ हजारांहून अधिक. मेलेल्यांत शंभरांपैकीं चव्वेचाळीसांहून अधिक दुचाकीवरील होते आणि एकोणीसांहून अधिक पायीं चालणारे. म्हणजे ज्यांच्याभोंवतीं पत्र्याचेंही कवच नाहीं, अशांचाच भरणा त्यांत मोठा. तीन मृतांपैकीं दोघे अठरा ते पंचेचाळीस या वयाचे, म्हणजे कुटुंबाचें कमावतें माणूस. आणि अठरा वर्षांखालील मुलें साडेनऊ हजारांच्या आसपास.

जगाची गोष्टही याहून वेगळी नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२१ सालीं पृथ्वीवर सुमारें ११ लक्ष ९० हजार माणसें रस्त्यांवर मृत्यू पावलीं. त्यांपैकीं शंभरांतील ब्याण्णव गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होतीं, आणि जगांतील वाहनांपैकीं या देशांत आहेत तीं सुमारें साठ टक्के. पांच ते एकोणतीस या वयाच्या मुलांना व तरुणांना जगांत जितका रस्ता मारतो तितका कोणताही एक रोग मारीत नाहीं. श्रीमंत देशांत हें सारें आपोआप सुधारलें, असें मात्र कोणीं समजूं नये. १८९६ सालीं लंडनमध्यें ब्रिजेट ड्रिस्कॉल नांवाची एक बाई मोटारीखालीं सांपडून मेली. ब्रिटनमध्यें मोटारीनें पादचाऱ्याचा बळी घेतल्याची ती पहिली नोंद. गाडी माणसाच्या धांवण्याहूनही सावकाश चालली होती असें सांगतात. पंचांनीं निवाडा दिला तो 'अपघाती मृत्यू' असा! या शब्दाआड लपण्याची खोड केवळ आपलीच नव्हे, हें यावरून दिसेल.

मृत्यूचा आंकडा निदान मोजला तरी जातो. जे जगतात त्यांचें ओझें कोण मोजतो? जागतिक बँकेनें आणि सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेनें महाराष्ट्र धरून चार राज्यांत पाहणी करून २०२१ सालीं जो वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यांत अपघातग्रस्त गरीब कुटुंबांपैकीं पाऊणांहून अधिकांनीं आपली मिळकत घटल्याचें सांगितलें. हा आंकडा वाचतांना माझ्या डोळ्यांपुढें आला तो वर्गांतील एक विद्यार्थी. त्याचे वडील पहाटें बाजारांत भाजीच्या पाट्या वाहत. एका दुचाकीनें त्यांना उडविलें आणि मांडीचें हाड मोडलें. माणूस वाचला, म्हणून शेजाऱ्यांनीं देवाचे आभार मानले. परंतु पाटी उचलण्याचें बळ त्या पायांत पुन्हां आलें नाहीं. आईनें दोन घरचीं धुणीं-भांडीं धरलीं, थोरली बहीण शिकवणी सोडून घरीं बसली, आणि हा मुलगा सहामाहीनंतर वर्गांत पेंगूं लागला. कारण पहाटेची पाटी आतां तो उचलीत होता. वडिलांचें नांव कोणत्याही मृतांच्या यादींत नाहीं. सरकारी कोष्टकांत तें 'जखमी' या रकान्यांत एक म्हणून असेल, नसेलही.

आतां विद्यार्थ्यांसाठीं थोडें गणित. गतीचीं समीकरणें परीक्षेपुरतीं पाठ होतात, पण रस्त्यावर तीं कोणास आठवत नाहींत. ताशीं ३६ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदास १० मीटर. समोर मूल आडवें आलें, हें डोळ्यास दिसून हात ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असें धरा. तेवढ्यांत गाडी १० मीटर गेली. नंतर सेकंदास ५ मीटर या दरानें वेग कमी होत गेला, तर गाडी थांबण्यास आणखी १० मीटर लागतील. एकूण २० मीटर. आतां वेग दुप्पट करा, ताशीं ७२. पहिल्या सेकंदांत २० मीटर, आणि ब्रेक लागल्यावर ४० मीटर. कारण थांबण्याचें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. एकूण ६० मीटर. वेग दुप्पट, अंतर तिप्पट! जें मूल पंचवीस मीटरांवर होतें तें पहिल्या गाडीपुढें घाबरून उभें राहिलें असतें. दुसऱ्या गाडीचा ब्रेक नुकता लागत असतांच तें चाकाखालीं सांपडलें. या उदाहरणांत चालक प्यालेला नाहीं, झोपलेला नाहीं, दुष्टही नाहीं. त्यानें फक्त मूठ थोडी अधिक पिळली.

हेल्मेटविषयीं लिहावयाचें तर, तें डोक्यावर असतां मृत्यूचा धोका सुमारें ४२ टक्क्यांनीं आणि डोक्याच्या इजेचा सुमारें ६९ टक्क्यांनीं कमी होतो, असें अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेलें अनुमान आहे. २०२२ सालीं भारतांत हेल्मेट न घालतां मेलेल्यांची संख्या ५० हजारांवर होती. नाशिकच्या पोलिसांनीं १५ ऑगस्ट २०२१ पासून "हेल्मेट नाहीं, तर पेट्रोल नाहीं" असा नियम केला, तेव्हां शेजारच्या स्वाराचें हेल्मेट घटकाभर मागून घेऊन पेट्रोल भरणारे निघाले. कायद्यास फसविलें याचा आनंद त्यांच्या मुद्रेवर दिसे; पण फसला कोण? आपल्या लोकांस शिस्त लागणें शक्यच नाहीं, असें म्हणणाऱ्यांनीं व्हिएतनामकडे पाहावें. तो देश काहीं श्रीमंत नव्हे, आणि दुचाक्यांनीं गजबजलेला. १५ डिसेंबर २००७ पासून तेथें हेल्मेटची सक्ती नेटानें अमलांत आली आणि थोडक्याच दिवसांत शंभरांतील नव्वदांहून अधिक स्वार तें घालूं लागले. माणसें तींच होतीं. फक्त नियम सर्वांस आणि रोज लागूं झाला.

पालकांस मला जें सांगावयाचें आहे तें थोडें कटु आहे. वयाचीं अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वीं मुलाच्या हातीं स्कूटरची किल्ली देणारे आपल्यांत थोडके नाहींत. शाळेच्या आवारांत अशा गाड्यांस मज्जाव असल्यास त्या पलीकडच्या गल्लींत उभ्या राहतात, हें सर्वांस ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयीन मुलाच्या अशा गुन्ह्याबद्दल पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊं शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि त्या मुलास पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाहीं. तथापि शिक्षेच्या भयानें किल्ली परत घेणारा पालक पोलीस दिसेनासा झाला कीं ती पुन्हां देईल. म्हणून मी दुसरा प्रश्न विचारतों: आपण ती देतां कां?

पालक याचें उत्तर देतात तें खोटें नसतें. सकाळची शिकवणी एका टोकास, शाळा दुसऱ्या टोकास, संध्याकाळचा वर्ग तिसरीकडे. वडील कारखान्यांत पाळीवर, आईस वेळ नाहीं. मूल जाणार कसें? ८ जुलै २०२१ पासून नाशिकांत महानगरपालिकेची सिटीलिंक बस सुरू झाली खरी, पण मुलाच्या तीन शिकवण्यांच्या वेळा जुळवून देईल अशी बससेवा कोणत्याच शहरांत नसेल. तेव्हां बससेवेची तक्रार करतांना त्या तीन शिकवण्यांचीही चौकशी व्हावी, असें शिक्षक असूनही मला वाटतें. आणि सायकल? ज्या नाशिकच्या महाजन बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिका खंड सायकलनें ओलांडण्याची शर्यत पुरी केली, त्या नाशिकांत दहा वर्षांचें मूल दोन किलोमीटरांवरील शाळेंत सायकलनें पाठविण्यास आई धजत नाहीं. तिला भित्री म्हणण्याचा अधिकार मला नाहीं. ती रस्ता रोज पाहते.

येथें पालकांची बाजू संपून नगररचना करणाऱ्यांची सुरू होते. स्वीडनच्या संसदेनें १९९७ सालीं असें धोरण स्वीकारलें, कीं माणूस चुकणारच. परंतु त्या चुकीची शिक्षा मृत्यू नसावी, अशा बेतानें रस्ते बांधण्याची जबाबदारी बांधणारांची आहे. आमच्याकडे उलट चालतें. रस्ता रुंद झाला कीं विकास झाला. २०२७ च्या सिंहस्थानिमित्त नाशिकांत रस्त्यांचीं मोठीं कामें निघालीं, तीं व्हावींतच. पण रुंद रस्त्यावर वेग वाढतो आणि तो ओलांडण्याचें अंतरही वाढतें. पदपथ, ओलांडण्याची जागा, मधला थांबा आणि शाळेपुढें वेग तोडणारे उंचवटे यांवांचून रुंदीकरण म्हणजे म्हाताऱ्यांस व मुलांस पलीकडे जाण्याची बंदी होय. पालकसंघानें वर्षांतून एकदां स्नेहसंमेलनाच्या वर्गणीचा विचार करावा तसा शाळेपुढील पदपथाचा करून महानगरपालिकेकडे लेखी मागणी कां करूं नये?

आणखी एक गोष्ट राहिली. रस्त्यावर माणूस पडलेला पाहून पुढें जाण्यास आपणांकडे एक ठरलेलें कारण असे, पोलिसांचा ससेमिरा. तें कारण आतां उरलेलें नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें ३० मार्च २०१६ रोजीं मदत करणारांस संरक्षण दिलें आणि २०१९ सालीं तें कायद्यांतच आलें. यरुशलेमाहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर जखमी वाटसरूस उचलणाऱ्या त्या परक्या शोमरोन्याचें नांव या संरक्षणास पडलें आहे. मदत करणारास स्वतःचें नांव सांगण्याचीही सक्ती नाहीं. २०२५ सालच्या केंद्रीय योजनेप्रमाणें अपघातग्रस्तास पहिल्या सात दिवसांत दीड लक्ष रुपयांपर्यंत उपचार रोकड न भरतां मिळण्याची तरतूद आहे. तेव्हां मुलांनों, १०८ हा आंकडा लक्षांत ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत पाणी घालूं नका, आणि त्याचें हेल्मेट हिसडा देऊन काढूं नका. मान हलूं न देतां माणूस असेल तसा राहूं द्या, रक्त वाहत असेल तेथें स्वच्छ फडकें दाबून धरा. दूरध्वनीवर जागा नीट सांगतां आली पाहिजे: कोणता चौक, कोणत्या बाजूचा रस्ता, किती जण जखमी. महामार्गावर असाल तर कडेच्या दगडावर लिहिलेला किलोमीटरचा आंकडा वाचून सांगा.