बेत बदलण्याचें धैर्य

घरांत एखादा बेत एकदां ठरला म्हणजे तो तडीस नेलाच पाहिजे, असें आपल्याकडे पुष्कळांस वाटतें. निश्चय हा गुण खराच. परंतु निश्चय आणि हट्ट यांमधील अंतर फार थोडें असतें, आणि तें जमिनीपेक्षां पाण्यावर लवकर कळून येतें. म्हणून या महिन्यांत वाचकांपुढें पाण्यावरचेंच एक उदाहरण ठेवितों.

आमच्या नात्यांतील सांगलीचें एक तरुण दांपत्य पौषी पौर्णिमेस कोंकणांत उतरलें. कऱ्हाडावरून कुंभार्ली घाटानें चिपळूण, तेथें गोवळकोटास यांत्रिक होडी भाड्यानें घेऊन वाशिष्ठीच्या खाडीनें दाभोळ, आणि त्याच होडीनें पुढें उघड्या समुद्रांतून हर्णै, असा बेत होता. चिरंजीवांनीं घरांतील सर्व मंडळींसमोर नकाशा पसरून तो समजावून दिला होता. हर्णैस मुक्कामाची सोयही आगाऊ झाली होती.

सातारा-सांगलीकरांस या खाडीविषयीं आपलेपणा वाटावा असें एक कारण आहे. कोयना महाबळेश्वरीं उगम पावून कऱ्हाडास कृष्णेला मिळते, व तें पाणी सांगलीवरून पूर्वसमुद्राकडे जातें. परंतु १९६२ सालीं पोफळीस वीजनिर्मिति सुरू झाल्यापासून त्यांतील मोठा वांटा सह्याद्रीच्या पोटांतील बोगद्यांतून पश्चिमेकडे वळविला जातो. पाणीतंटा लवादानें त्यास वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. वीज देऊन झाल्यावर हें पाणी वाशिष्ठींत येतें आणि दाभोळास समुद्राला मिळतें.

खाडींतील प्रवासाचें गणित भरती-ओहोटीवर असतें. कोंकणांतला जुना ठोकताळा असा कीं, तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते. पौर्णिमेचे पंधरा, त्यांची पाऊणपट सव्वाअकरा. त्या सुमारास भरती पुरी झाली आणि ओहोटीबरोबर होडी सुटली. कांठच्या चिखलांत ऊन खात पडलेल्या मगरी पाहत मंडळी तिसऱ्या प्रहरीं दाभोळासमोर आलीं. खाडी संथ होती. पण मुखाशीं पांढऱ्या लाटा फुटतांना दिसत होत्या. तांडेलानें यंत्राचा वेग कमी केला व म्हणाला, "आतां बाहेर नको, साहेब."

त्याचें म्हणणें सयुक्तिक होतें. पौर्णिमेची ओहोटी जोराची. ती बाहेर धांवत असतां दुपारचा समुद्रवारा आंत येतो. दोहोंची गांठ मुखाशीं पडून लाटा उंच व उभ्या होतात, आणि लहान होडीस त्याच घातक.

चिरंजीव म्हणाले, "पण घरीं काय सांगायचें?"

सूनबाई म्हणाल्या, "झालें तेंच सांगायचें. हर्णै कोठें पळून जात नाहीं."

होडी दाभोळास लागली. फेरीबोटीनें पलीकडे धोपाव्यास उतरून उभयतां गुहागरास गेलीं, व्याडेश्वराचें दर्शन घेतलें, आणि घरीं व हर्णैस दूरध्वनीनें वर्तमान कळविलें. तांडेलास मात्र सूनबाईंनीं हर्णैपर्यंतचें पुरतें भाडें देवविलें. आम्हांस या हकिगतींत हेंच सर्वांत मोलाचें वाटतें. जो खरें बोलून आपल्याला थांबवितो, त्याचें आपण नुकसान केलें, तर पुढच्या उतारूला तो "नको" कां म्हणेल?

परत आल्यावर घरांतील कांहीं वडीलधाऱ्यांनीं "एवढें कसलें भ्यायचें?" म्हणून सूनबाईंची थट्टा केली. त्यांस आम्ही एकच स्मरण देतों. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ वादळी समुद्रांत उलटली व सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. बोट थांबवावी कीं पुढें न्यावी, हें त्या उतारूंच्या हातीं नव्हतें. या दोघांच्या हातीं होतें, आणि त्यांनीं तो अधिकार योग्य वेळीं वापरला.

पाण्यावरील प्रवास आखतांना कोठें जावयाचें हें ठरवितों, तसेंच कोठून परतावयाचें हेंही घरींच ठरवून ठेवावें. मग वाटेंत मागें फिरतांना कमीपणा वाटत नाहीं. मुलाचें शिक्षण, मुलीचें लग्न, घराचें बांधकाम, यांनाही हाच नियम लागू आहे. आणि बेत बदलून सुखरूप परत आलेल्या मुलांना वडील मंडळींनीं प्रथम जेवूं घालावें. प्रश्न मागाहून विचारावे.