‘आधी इंग्रजी शिका, मग बघू’

न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक वाचनालयात दर शनिवारी इंग्रजी संभाषणाचा मोफत वर्ग भरतो. मी तिथे स्वयंसेवक म्हणून जातो. जवळच पॅलिसेड्स पार्क नावाचे छोटे गाव आहे. २०१० च्या जनगणनेत तिथले निम्म्याहून अधिक रहिवासी कोरियन वंशाचे निघाले होते. साहजिकच आमच्या वर्गातले बहुतेक लोक कोरियन आहेत. वय चाळीस ते साठ. कुणी लाँड्रीत इस्त्री करते, कुणी नेल सलूनमध्ये काम करते, कुणी भाजीच्या दुकानात पहाटे चारला ट्रक उतरवून घेते.

त्यात एक बाई आहेत. मायदेशी त्या शाळेत विज्ञान शिकवत. इथे गेली अकरा वर्षे ड्रायक्लीनिंगच्या दुकानात आहेत. एकदा वर्गात झाडांचा विषय निघाला. त्यांना काहीतरी सांगायचे होते, शब्द सापडेना. शेवटी कागदावर पान काढले, वर सूर्य काढला, बाण काढले आणि हताश होऊन म्हणाल्या, “सॉन्सेंगनिम, ग्वांगहापसंग!” सॉन्सेंगनिम म्हणजे गुरुजी. दुसरा शब्द मला ठाऊक नव्हता, पण चित्र ठाऊक होते. आपण मराठीत त्याला प्रकाशसंश्लेषण म्हणतो.

मला माझे अकरावीचे वर्ष आठवले. मराठवाड्यात उर्दू माध्यमातून दहावी केली आणि विज्ञान शाखेला गेलो. तिथे सगळे इंग्रजीत. सरांनी फोटोसिन्थेसिस म्हणजे काय ते विचारले. मी गप्प उभा राहिलो. ‘जियाई तालीफ’ म्हणून विचारले असते तर पूर्ण पान लिहून दिले असते. सर हसले, वर्ग हसला. वर्षअखेरीस मी विज्ञान सोडले. पुढे कित्येक वर्षे मला वाटत राहिले की आपल्याला विज्ञान जमत नव्हते. खरी गोष्ट एवढीच होती की मला एक शब्द येत नव्हता.

म्हणून या बाईंना कॉलेजच्या समुपदेशकाने जे उत्तर दिले, त्याविरुद्ध मला लिहायचे आहे. त्या हिशेबनिसाच्या पदवीची चौकशी करायला गेल्या होत्या. उत्तर मिळाले : आधी इंग्रजी शिका, मग बघू.

ऐकायला हे किती समंजस वाटते! पण त्याचा अर्थ काय, ते पाहू. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची स्वतःची भाषाशाळा आहे. तिच्या अनुभवानुसार इंग्रजी भाषक मुत्सद्द्याला स्पॅनिश शिकायला साधारण ३० आठवडे लागतात, हिंदी-उर्दूला ४४, तर कोरियनला ८८ आठवडे, म्हणजे सुमारे २,२०० तास. तेही पगार घेऊन, दिवसभर तेवढेच काम करून. कोरियनकडून इंग्रजीकडे येतानाही अंतर तेवढेच लांब आहे. शनिवारचे दोन तास धरले तर २,२०० तासांना एकवीस वर्षे लागतील. पन्नाशीच्या माणसाला ‘आधी इंग्रजी’ सांगणे म्हणजे ‘कधीच नाही’ सांगणे. फक्त सांगणाऱ्याला ते तोंडाने म्हणावे लागत नाही.

कॅनडातले शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच एक महत्त्वाचा फरक दाखवून दिला होता. शाळेतल्या स्थलांतरित मुलांना रोजच्या बोलण्याचे इंग्रजी दोनेक वर्षांत येते, पण पाठ्यपुस्तकाचे, वादविवादाचे, परीक्षेचे इंग्रजी यायला पाच ते सात वर्षे लागतात. ही गोष्ट दिवसभर शाळेत बसणाऱ्या मुलांची. इथे तर माणसे बारा तास उभी राहून काम करतात.

बरे, कॉलेजात इंग्रजीचे वर्ग असतातच. पण पुष्कळ ठिकाणी त्या वर्गांचे क्रेडिट पदवीत धरले जात नाही. पहिली पातळी, दुसरी, तिसरी, चौथी. सेमिस्टरमागून सेमिस्टर जाते आणि पदवीकडे पाऊलही पडत नाही. गरीब विद्यार्थ्यांना केंद्र सरकारचे पेल अनुदान मिळते, पण तेही आयुष्यात एकूण बारा सेमिस्टरपुरतेच. त्यातली चार-पाच भाषेच्या पायऱ्यांवर खर्ची पडली तर पदवीसाठी काय उरले?

यावरचा उपाय नवा नाही. न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये १९६८ साली होस्टोस कम्युनिटी कॉलेज स्थापन झाले, पोर्तो रिकन आणि इतर स्पॅनिशभाषकांसाठी. विषय स्पॅनिशमधून सुरू करायचा, इंग्रजी सोबत शिकायची आणि हळूहळू विषयही इंग्रजीत न्यायचा, ही त्यामागची कल्पना. १९७६ च्या आर्थिक संकटात ते बंद करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा विद्यार्थी आणि शिक्षकांनी इमारत ताब्यात घेऊन ते वाचवले. शिकागोत १९८० पासून सेंट ऑगस्टिन कॉलेजने हाच मार्ग धरला. मग कोरियन प्रौढांनी असे मागितले की ते लाड कसे ठरतात?

आणि कोरियनमध्ये ज्ञान नाही असेही नाही. दक्षिण कोरियाच्या विद्यापीठांत बहुतेक शिक्षण कोरियनमधूनच होते. ज्यांचे फोन आणि मोटारी आपण वापरतो, त्या बनवणाऱ्या अभियंत्यांच्या पिढ्या याच भाषेत गणित शिकल्या. हिशेबशास्त्र, परिचर्या, संगणक, सगळ्यांची पुस्तके तयार आहेत. गंमत म्हणजे अमेरिकेत धर्मोपदेशक व्हायचे असेल तर कोरियनमधून शिकता येते. पासाडेनाच्या फुलर सेमिनरीसारख्या नामवंत संस्थेत कोरियन भाषेतून पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. मला त्यात काहीच गैर वाटत नाही. पण परमेश्वराविषयी कोरियनमधून शिकलेले चालते, मग ताळेबंदाविषयी का चालू नये?

आता विरोधकांचे म्हणणे. पहिला आक्षेप असा की अशा पदव्यांमुळे माणसे आपल्या मोहल्ल्यातच अडकतात. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. आम्हा मुसलमानांना तो रोज ऐकवला जातो, आणि त्यात थोडे तथ्यही असते. कोरियन वस्तीत दुकान, चर्च, डॉक्टर, वकील सगळे कोरियनमधून मिळते. इंग्रजीवाचून जन्म काढता येतो. पण एप्रिल १९९२ च्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये दंगल पेटली आणि दोन हजारांहून अधिक कोरियन दुकाने लुटली किंवा जाळली गेली. पोलिस, विमा कंपन्या, सरकारी कचेऱ्या, वार्ताहर, सगळ्यांशी बोलायची वेळ आली, तेव्हा इंग्रजी नसण्याची किंमत त्या पिढीला कळली. त्या पिढीत पदवीधर माणसे काही कमी नव्हती. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने अमेरिकेची दारे उघडली, तेव्हा शिकलेसवरलेले अनेक कोरियन इथे आले आणि किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसले. त्यांना मोहल्ल्यात कोंडले कुणी? द्विभाषिक पदवीने? ती तर तेव्हा त्यांच्यासाठी जवळजवळ नव्हतीच. त्यांना कोंडले ते ‘आधी इंग्रजी’च्या कुलुपाने.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : ही पदवी कच्ची असते. इथे होस्टोसचीच दुसरी गोष्ट सांगायला हवी. १९९७ मध्ये पदवीदान समारंभ तोंडावर आलेला असताना विद्यापीठाच्या विश्वस्तांनी ठरवले की इंग्रजी लेखनाची चाचणी पास झाल्याशिवाय पदवी नाही. बरेच विद्यार्थी अडकले. वर्तमानपत्रांनी द्विभाषिक शिक्षणावर तोंडसुख घेतले. शेवटच्या क्षणी नियम लादणे अन्यायाचेच होते. पण कॉलेजात वर्षे काढूनही इंग्रजीत साधा निबंध लिहिता येत नसेल, तर त्या विद्यार्थ्याची आधीच कुठेतरी फसवणूक झालेली असते. हे आपण, म्हणजे द्विभाषिक शिक्षणाच्या बाजूच्या लोकांनी, मोठ्याने बोलायला हवे. आपण बोललो नाही तर विरोधक बोलतील, आणि ते दुरुस्तीसाठी बोलणार नाहीत, बंद करण्यासाठी बोलतील.

फसवणुकीचे याहून वाईट रूपही आहे. २०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोरियाटाऊनमधून शाळा चालवणाऱ्यांना व्हिसा घोटाळ्यात अटक झाली. फी घ्यायची, विद्यार्थी असल्याचा कागद द्यायचा, वर्ग मात्र भरवायचा नाही, असा तो धंदा होता. जिथे खरी सोय नसते, तिथे असे दुकान चालते. आपल्याच भाषेत गोड बोलून आपल्यालाच लुटणारे कुठल्या समाजात नाहीत?

या सगळ्याशी मराठी मुसलमानाचा काय संबंध, असे कुणी विचारेल. संबंध आहे. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले. वैद्यक आणि विज्ञानासह सगळे उर्दूतून. त्यासाठी आधी दारुल तर्जुमा काढून पुस्तके भाषांतरित करून घेतली. आमचा मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. पण उस्मानियाचे नाव अभिमानाने घेणारे एक गोष्ट विसरतात : तिथे इंग्रजी हा सक्तीचा विषय होता. ज्ञान आपल्या जबानीत, पण जगाची भाषा न चुकवता. त्या व्यवस्थेतही खोट होती, कारण मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेला उर्दू हीसुद्धा परकीच होती. तरी शिक्षणाची रचना म्हणून तो विचार पक्का होता. १९४८ नंतर तिथले माध्यम इंग्रजी झाले. आम्ही मात्र उर्दू शाळा ठेवल्या आणि दहावीनंतरचा पूल बांधायचे विसरलो. माझ्यासारखी किती मुले त्या खड्ड्यात पडली, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

म्हणून माझी मागणी नुसती ‘मातृभाषेतून पदवी द्या’ एवढी नाही. पहिल्या सेमिस्टरपासून विषय शिकवा, कोरियनमधून शिकवा, आणि त्याचे पूर्ण क्रेडिट द्या. त्याच दिवसापासून इंग्रजीही शिकवा, पण ‘हॅलो, हाऊ आर यू’ची नाही, ज्या विषयाची पदवी घ्यायची त्याच विषयाची. हिशेब शिकणाऱ्याला हिशेबाची इंग्रजी. दर वर्षी इंग्रजीचा वाटा वाढवा, आणि शेवटच्या वर्षी विषयही इंग्रजीतून, परीक्षाही इंग्रजीतून घ्या. इंग्रजीची जी चाचणी शेवटी घेणार, ती प्रवेशाच्या दिवशीच दाखवा. आणि किती जण पास झाले, किती जणांना त्या कामाची नोकरी लागली, ते दर वर्षी कोरियनमध्ये छापून जाहीर करा. ज्या कॉलेजला हे जमत नसेल त्याने ‘द्विभाषिक’ ही पाटी उतरवावी.

सध्याचे वारे उलटे आहे, हे मला कळते. १ मार्च २०२५ रोजी अध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी ही अमेरिकेची अधिकृत भाषा झाली, आणि इंग्रजी कमी येणाऱ्यांना सरकारी सेवा मिळाव्यात म्हणून २००० साली निघालेला आदेश रद्द झाला. इंग्रजी अधिकृत करा, माझी तक्रार नाही. पण मग ती शिकवण्याची जबाबदारीही घ्या. दारावर पाटी लावायची आणि जिना काढून घ्यायचा, हा कुठला न्याय?

त्या बाई अजून शनिवारी येतात. कॉलेजचा अर्ज पर्समध्ये घडी करून ठेवला आहे. गेल्या वेळी मी त्यांना फोटोसिन्थेसिस हा शब्द लिहून दिला. त्यांनी त्याखाली कोरियन शब्द लिहिला आणि मला म्हणाल्या, तुमच्या भाषेतही लिहा. मी दोन लिहिले, एक मराठी, एक उर्दू. मग त्या पाचच मिनिटे, मोडक्या इंग्रजीत, आम्हा सगळ्यांना पान अन्न कसे तयार करते ते शिकवत होत्या. वर्गात कुणी हसले नाही.