गाडीचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. मोटारगाडीचे कूळ मात्र हमखास विचारले जाते. ‘जपानी आहे, दगा देणार नाही’, ‘जर्मन आहे, मजबूतच असणार’, ‘आपली आहे, म्हणून घेतली’ ही वाक्ये इतक्या सहजतेने उच्चारली जातात की त्यांमागील गृहीतके तपासण्याची गरज कुणाला भासत नाही. ती तपासली पाहिजेत, असे आम्हांला वाटते.

मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मिरवलेली ‘पद्मिनी’ घ्या. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात ती घडली. आराखडा इटलीच्या फियाट ११०० चा, नाव चितोडच्या राणीचे. तिला देशी म्हणावे की परदेशी? देवलांचे ‘झुंजारराव’ मुळात ‘ऑथेल्लो’ आहे म्हणून आपण ते मराठी रंगभूमीबाहेर काढत नाही. आज तर हा गुंता अधिकच वाढला आहे. जग्वार २००८ पासून टाटांची आहे, आणि एमजी या जुन्या ब्रिटिश नावाची मालकी शांघायच्या कंपनीकडे असून त्या नावाच्या गाड्या गुजरातेत हलोलला तयार होतात.

यावर स्वदेशीचा आक्षेप येईल, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. १८७७ च्या दिल्ली दरबारात खादी परिधान करून गेलेल्या सार्वजनिक काकांचा प्रश्न खरा होता: आपल्या पैशाने कुणाच्या हाताला काम मिळते? तो प्रश्न आजही शिळा झालेला नाही. मात्र त्याचे उत्तर गाडीच्या बिल्ल्यावर सापडत नाही. चाकणच्या कारखान्यात परदेशी नावाची गाडी जोडणारे हातही इथलेच असतात. शिवाय स्पर्धेपासून जपलेल्या बाजारात ग्राहकाने वर्षानुवर्षे गाडीची वाट पाहिली, हेही विसरता येत नाही. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली अ‍ॅम्बेसेडर २०१४ पर्यंत जवळपास त्याच रूपात निघत राहिली. स्वदेशी हे व्रत होते. तिथे त्याची सक्ती झाली.

पण निर्णायक दाखला २०१४ चाच आहे. त्या वर्षी ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच गाड्यांच्या एअरबॅगविरहित आवृत्त्यांची टक्कर-चाचणी घेतली. मारुती-सुझुकी, टाटा, ह्युंदाई, फोर्ड आणि फोक्सवॅगन, म्हणजे जपानी, भारतीय, कोरियन, अमेरिकी आणि जर्मन अशी सर्व कुळे तिथे हजर होती. प्रौढ प्रवाशाच्या सुरक्षेसाठी पाचांनाही शून्य तारे मिळाले. पुढे २०१८ मध्ये पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यात तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनने त्याच संस्थेचे पाच तारे मिळवले. दोन्ही वेळा कुळाने काहीच सिद्ध केले नाही.

लेखकाच्या जन्मगावावरून कृतीचे मोल ठरवू नये, असे वर्गात शिकवणारे आपण दुकानात नेमके तेच करतो. कृती कोणत्या वाचकाला गृहीत धरते, हे आपण साहित्यात विचारतो. गाडीलाही तेच विचारावे. ती कोणत्या देशाची, यापेक्षा ती आपल्या देशासाठी कशी बनवली, म्हणजे आपला जीव तिच्या निर्मात्याने किती मोलाचा मानला, हे पाहावे. कूळ विचारणारा ग्राहक निर्मात्याला सोयीचाच असतो, कारण बिल्ला पुढे केला की त्याचे समाधान होते. एअरबॅग विचारणाऱ्याचे समाधान करण्यासाठी मात्र निर्मात्याला खर्च करावा लागतो.