वारसा भिंतीवर, कारागीर रस्त्यावर

मागच्या महिन्यात मुलांना घेऊन एका कलाप्रदर्शनाला गेले होते. विषय होता शाश्वत जीवनशैली. भिंतीवर एक पिंजण टांगलेलं आणि खाली पाटी: 'शहराने विसरलेला वारसा'. एका मुलाने विचारलं, "टीचर, ये क्या है?" मी म्हणाले, "कापूस पिंजायचं साधन." तेच पिंजण खांद्यावर घेऊन माझे अब्बा गल्लोगल्ली फिरायचे, हे सांगायला मात्र जीभ रेटली नाही.

त्या गप्प राहण्याकडे नंतर येते. आधी पाटीकडे बघू. गादीत गोळे झाले की पिंजारी ती उसवायचा, तोच कापूस पिंजून पुन्हा भरायचा. कल्हईवाला, रफूगर, धार लावणारा शिकलगार, सगळे वस्तूंचं आयुष्य वाढवत आले. तेव्हा याला कुणी शाश्वतता म्हटलं नाही, हलका धंदा म्हटलं. फोमच्या गाद्या आल्या, रस्त्याकडेला बसायची जागा गेली. धंदा मेल्यावर त्याची कला झाली.

सगळेच कलाप्रकल्प असे नसतात. 2015 मध्ये धारावीत 'अ‍ॅली गल्ली बिएनाले' झाली. वस्तीतल्या माणसांनी कलाकारांसोबत कलाकृती घडवल्या. 2016 मध्ये 'डिझाइन म्युझियम धारावी' हातगाडीवरून वस्तीत फिरलं. तिथे घडवणारा माणूस वस्तूच्या शेजारी उभा होता.

पण त्याच धारावीच्या पुनर्विकासात विचारलं जातं: तळमजल्यावर 1 जानेवारी 2000 पूर्वीपासून राहता का? नसाल तर धारावीत मोफत घर नाही. माळ्यावर जरीकाम करणाऱ्या, भंगार निवडणाऱ्या कित्येकांचं काय? आणि कुंभारवाड्यातल्या कुंभाराला घर मिळालं तरी दहाव्या मजल्यावर भट्टी पेटवणार कशी? चाकाला अंगण लागतं, मडकी वाळायला ऊन लागतं. मडकं दालनात ठेवायचं आणि कुंभाराचं अंगण काढून घ्यायचं, याला वारसा जपणं म्हणत नाहीत.

म्हणून अशा प्रकल्पवाल्यांकडे माझं मागणं साधं आहे. पाटीवर कारागिराचं नाव लिहा, त्याच्या हातात मजुरी ठेवा, आणि शहरात त्याला बसायला जागा मिळावी म्हणून त्याच्या बाजूने बोला. तिसरं जमत नसेल तर पहिली दोन दिखाऊ ठरतात.

आणि आपण? ओबीसीचा दाखला काढताना आपल्याला पिंजारी, शिकलगार असणं आठवतं, सोयरीक जुळवताना आपण ते लपवतो. इस्लाममध्ये जात नाही असं व्यासपीठावरून सांगतो आणि घरी 'ते कोण लोक?' विचारतो. मीही त्यातलीच. बी.एड.ला 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र घोकलं, वर्षानुवर्षं पाठ टिपणात लिहिलं. त्या दिवशी ज्ञात माझ्याच घरातलं होतं आणि मी ते गिळलं.

सोमवारी वर्गात फळ्यावर पिंजणाचं चित्र काढलं, खाली अब्बांचं नाव लिहिलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून एक हात वर आला. "टीचर, मेरे दादा कल्हई करते थे."

प्रदर्शनातली पाटी ते बदलतील तेव्हा बदलतील. घरातली आपल्याच हातात आहे.